मागच्या खोलीची खिडकी

नांदेड-लातूरकडच्या ज्या कुणी आयुष्यात एकदा तरी जिवंत चिंपांझी पाहिला असेल, त्यानं तो बहुधा हैदराबादला पाहिला असणार. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, पुढे 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात. राज्य बदललं तरी शाळेच्या सहलीची वाट फारशी बदलली नाही. उदगीर-बिदर मार्गे एसटीनं नाहीतर नांदेडहून रेल्वेनं पोरं निघायची आणि चारमिनार, सालारजंग, झू हा क्रम ठरलेला असायचा. मीर आलम तलावाच्या काठचं नेहरू प्राणिसंग्रहालय 6 ऑक्टोबर 1963 रोजी लोकांसाठी खुलं झालं. त्याआधी हैदराबादचे प्राणी शहरातल्या बाग-ए-आममध्ये होते. तिथून ते 380 एकरांच्या या मोकळ्या जागेत आले आणि गजांच्या पिंजऱ्यांऐवजी खंदकापलीकडे फिरणारा वाघ पाहण्याची सोय झाली. आमच्या भागातल्या कितीतरी पिढ्यांना सिंह म्हटलं की हेच उद्यान आठवतं.

सहारा समूहाकडून आलेली सुझी ही चिंपांझी मादी याच उद्यानात राहत होती. तिच्या जातीचं दुसरं कुणी सोबतीला नव्हतं. चिंपांझी टोळीनं राहणारा प्राणी आहे. एकमेकांच्या अंगावरचे केस विंचरत बसणं, रुसणं, पुन्हा जवळ येणं यातच त्याचा दिवस जातो. सोबत देता आली नाही, तर निदान पाहायला काय देता येईल, हा प्रश्न अशा एकट्या जिवाबाबत आधी पडायला हवा. प्राणिसंग्रहालयाच्या आराखड्यात तो फार क्वचित पडतो, कारण आराखडा बहुधा आपण उभे असतो त्या बाजूनं काढलेला असतो.

आपल्याकडच्या प्राणिसंग्रहालयाचा दिवस साधारण सकाळी नऊला सुरू होतो आणि संध्याकाळी पाचला संपतो. दरवाजे बंद झाले की प्राण्यांना मागच्या खोल्यांत घेतात. तिथले कर्मचारी अशा खोलीला नाइट हाउस म्हणतात, वर्तमानपत्रं रात्रनिवारा लिहितात. संध्याकाळचं खाणं तिथंच मिळतं, म्हणून प्राणीही वेळ झाली की सरकत्या दारापाशी येऊन बसतात. ढोबळ हिशेब केला तरी चोवीस तासांतले सोळा तास त्या खोलीत जातात. उन्हाळ्याची दुपार, आजारपण, विणीचा काळ आणि पिंजरादुरुस्ती धरली तर आणखी जास्त. आपण पाहतो, फोटो काढतो, वर्तमानपत्रात ज्याचं उद्घाटन छापून येतं, तो पुढचा हिरवा भाग त्या प्राण्याच्या आयुष्याचा लहान तुकडा आहे. म्हणून कुठलंही प्राणिसंग्रहालय चांगलं की वाईट हे मागच्या खोलीवरून ठरवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कपींच्या बाबतीत तर त्या खोलीला खिडकी आहे का, आणि त्या खिडकीतून काय दिसतं, यावरून ठरवावं.

गोरिला, चिंपांझी, बोनोबो, ओरांगउटान आणि गिबन हे शेपूट नसलेले कपी. भारतात रानात राहणारा कपी एकच, आसामकडचा हुलॉक गिबन. बाकीचे आफ्रिकेतले नाहीतर आग्नेय आशियातले. महाराष्ट्राचा त्यांच्याशी संबंध पाहुण्यासारखा, थोड्या काळाचा. त्यातली एक आठवण मात्र सांगायलाच हवी. बिन्नी नावाची ओरांगउटान मादी पुण्याच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात होती. 2003 मध्ये तिला ओडिशातल्या नंदनकाननला नेलं, तेव्हा ती पंचविशीची होती. मे 2019 मध्ये, वयाच्या 41 व्या वर्षी ती तिथंच वारली. त्या वेळी ती देशातली एकमेव ओरांगउटान होती. म्हैसूरचा पोलो हा गोरिला 1995 मध्ये डब्लिनहून आला आणि 2014 मध्ये मरेपर्यंत देशातला एकुलता एक गोरिला म्हणून जगला. म्हैसूरला आता पुन्हा गोरिला आहेत. थाबो आणि डेंबा हे दोन नर 2021 मध्ये जर्मनीहून आले, आणि निदान दोघं आहेत. आपल्या देशातल्या कपींची गोष्ट सांगायला बसलं की पुन्हा पुन्हा हे एकटेपण समोर येतं.

एकट्या प्राण्याला नुसतं पाहायला मिळणं किती मोलाचं असतं, याचा पुरावा 1953 चा आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात रॉबर्ट बटलर या संशोधकानं लाल तोंडाच्या ऱ्हीसस माकडांवर एक प्रयोग केला. ही जात आपल्याकडचीच, उत्तर भारतात गावोगाव दिसणारी. माकडाला चारही बाजूंनी बंद पेटीत ठेवायचं. पेटीला दोन झडपा, एकीवर पिवळा पत्ता, दुसरीवर निळा. एक झडप ढकलली की उघडते, दुसरीला कडी. बरोबर रंग ओळखला की माकडाला बाहेरची प्रयोगशाळा तीस सेकंद दिसायची. बक्षीस एवढंच. शेंगदाणा नाही, केळं नाही. माकडं रंग ओळखायला शिकली आणि तासन्तास, दिवसामागून दिवस ती झडप ढकलत राहिली. पुढच्या वर्षी बटलरनं झडपेपलीकडे वेगवेगळ्या गोष्टी ठेवून पाहिल्या. रिकाम्या पेटीपेक्षा खाण्याचे पदार्थ पाहायला माकडं जास्त वेळा झडप उघडत. त्याहून जास्त वेळा चालती खेळण्यातली आगगाडी पाहायला, आणि सगळ्यांत जास्त दुसरं माकड पाहायला.

ज्या प्रयोगशाळेत हे झालं ती हॅरी हार्लोची. त्याच हार्लोनं पुढे माकडांच्या पिलांना आईपासून तोडून, खोल निमुळत्या खड्ड्यांत एकटं ठेवून जे प्रयोग केले ते वाचवत नाहीत. पाहण्याची भूक किती खोल असते हे ज्या जागी सिद्ध झालं, त्याच जागी ती भूक मारण्याचेही प्रयोग झाले. बटलरचा निष्कर्ष सांगताना हे वगळणं मला योग्य वाटत नाही.

आणि ही भूक आपल्याला परकी नाही. 1984 मध्ये रॉजर उलरिच यानं पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले 46 रुग्ण त्यानं घेतले. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. लातूरच्या ट्यूशन एरियात भाड्याच्या खोल्यांत आणि अभ्यासिकांच्या लाकडी खोक्यांत वर्ष-दोन वर्षं काढणाऱ्या हजारो पोरापोरींच्या आईबापांनी हा निष्कर्ष वाचावा, असं मला मनापासून वाटतं. खोली पाहायला जाताना नळाला पाणी किती वेळ येतं हे आपण विचारतो. खिडकी उघडली की समोर काय दिसतं, हेही विचारावं.

कपींसाठी इमारत बांधताना जगानं काय काय करून पाहिलं, तो इतिहास फार जुना नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1933 मध्ये मोक आणि मोइना या काँगोतून आणलेल्या दोन गोरिलांसाठी बर्थोल्ड लुबेटकिन आणि त्याच्या टेक्टन या मंडळानं एक गोल घर बांधलं. अर्धा गोल काँक्रीटचा आणि अर्धा जाळीचा. थंडीत पडदे फिरवून तो जाळीचा अर्धा भाग बंद करायचा. उजेड वरच्या काचांच्या पट्टीतून यायचा. आधुनिक वास्तुकलेच्या पुस्तकांत ते घर आजही दाखवतात. पण ते पाहताना जाणवतं की विचार ऊब, हवा आणि प्रेक्षक यांचा झाला होता. आत बसलेल्या गोरिलानं कुठं पाहावं हा प्रश्न त्या सुंदर नकाशात नव्हता.

अमेरिकेत अटलांटाला विली बी नावाचा गोरिला 1961 मध्ये आला. त्यानंतर 27 वर्षं तो बंद खोलीत एकटा राहिला. झोक्याला एक टायर आणि पाहायला एक टीव्ही. तिथल्या लोकांनी तो टीव्ही प्रेमानंच दिला होता, कारण खिडकी देता येत नव्हती. 1988 मध्ये दार उघडलं आणि तो पहिल्यांदा गवतावर आला. नंतर कळपात मिसळला, पिलांचा बाप झाला, 2000 मध्ये वारला. सत्तावीस वर्षांनीही त्याला बाहेरचं जग नकोसं झालं नव्हतं, ही त्या गोष्टीतली मला सगळ्यांत महत्त्वाची बाब वाटते.

वळण आलं ते सिएटलला. 1970 च्या दशकाच्या अखेरीस वुडलँड पार्कचे संचालक डेव्हिड हॅनकॉक्स आणि जॉन को, ग्रँट जोन्स या रचनाकारांनी गोरिलांना खरी झाडंझुडपं, चढउतार आणि आडोसे दिले. माणसानं वरून वाकून खाली खड्ड्यात पाहायचं ही जुनी पद्धत त्यांनी मोडली. माणूस खाली आणि गोरिला बरोबरीला किंवा थोडा वर. याला कारण आहे. आपल्या माहूरगडावर रेणुकामातेच्या पायऱ्यांशी वानरांच्या टोळ्या असतात, त्या नीट पाहा. प्रसादावर झडप घालणारी पिलं आणि माद्या खाली. एखादा थोराड हुप्प्या मात्र कठड्याच्या टोकाला बसलेला असतो, शेपूट पलीकडे सोडून, पाठ भाविकांकडे आणि तोंड दरीकडे. मधूनच मान वळवून तो टोळीवर नजर टाकतो आणि पुन्हा दरीकडे पाहू लागतो. उंच जागा, पाठीशी आधार, समोर लांबवर मोकळं आणि हवं तेव्हा वळता येईल अशी सवड. कपींच्या खिडकीचा नकाशा काढायला बसणाऱ्यानं एवढं पाहिलं तरी निम्मं काम होईल.

खिडकी दोन्ही बाजूंनी पाहते, ही त्यातली अडचण. गोरिलाच्या डोळ्याला डोळा भिडवून पाहत राहणं म्हणजे त्याला आव्हान. मे 2007 मध्ये रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात बोकिटो नावाचा नर खंदक ओलांडून बाहेर आला आणि त्यानं एका बाईला गंभीर जखमी केलं. ती त्याला वारंवार भेटायला येत असे, काचेपलीकडून त्याच्याकडे पाहून हसत असे. तिला ती मैत्री वाटत होती. नंतर तिथं प्रेक्षकांना पुठ्ठ्याचे चष्मे वाटले गेले. त्यांवरचे छापील डोळे बाजूला पाहत असत, म्हणजे समोरच्या गोरिलाला आपण रोखून पाहतोय असं वाटू नये. तेव्हा मोठी काच बसवली की काम झालं, असं नाही. काचेपासून बाजूला होता येईल असा कोपरा, मध्येच उभी भिंत, पाठ टेकून बसायला आडोसा हवा. आपल्याकडे प्राणी दिसला नाही की तिकिटाचे पैसे वाया गेले म्हणून लोक काच बडवतात. न दिसण्याचा अधिकार आराखड्यातच द्यावा लागतो, पाटी लावून तो मिळत नाही.

काचेचा एक खरा उपयोग आहे आणि तो कपींच्या बाजूचा आहे. आपला सर्दी-खोकला त्यांना सहज लागतो. जानेवारी 2021 मध्ये सॅन दिएगोच्या सफारी पार्कमधल्या गोरिलांना कोरोना झाला. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या जवळच्या हैदराबादच्या उद्यानात आठ सिंहांना लागण झाल्याचं निष्पन्न झालं. पण साध्या काचेतून सूर्याचे यूव्ही-बी किरण येत नाहीत आणि कातडीत ड जीवनसत्त्व तयार व्हायला तेच लागतात. म्हणजे काचेतून मिळतो तो देखावा. ऊन घ्यायला उघडी जाळी किंवा अंगण लागतंच.

आता समजा, अशी खोली लातूर-नांदेडच्या हवेत बांधायची आहे. मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो. युरोपातल्या नकाशावरून काढलेली दक्षिणेकडची भलीमोठी काच इथं लावली तर आतला प्राणी भाजून निघेल. वीज गेली की कूलर बंद, तेव्हा केवळ कूलरच्या भरवशावर राहता येत नाही. आपल्या जुन्या माळवदाच्या घरांनी हे कोडं त्यांच्या परीनं सोडवलं होतं. जाड भिंती, वर पांढऱ्या मातीचा थर, भिंतीत खिडक्या नावालाच, उजेडाला छतात साणं. पण त्या घरात राहणारा माणूस दिवसभर साण्याखाली बसत नसे. वाड्याला ढाळज असायची. उन्हं कलली की सगळे तिथं येऊन बसत, वेशीतून कोण आलं, कोण गेलं ते पाहत. उजेड साण्यातून आणि जग ढाळजेतून, अशी ती वाटणी होती. किल्लारीच्या परिसरात 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे हीच दगडमातीची घरं कोसळली आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. म्हणून तसं बांधकाम आता कुणी करू नये. पण त्या वाटणीचा विचार घेण्याजोगा आहे. आज बहुतेक नाइट हाउसमध्ये वर झरोके असतात. हवा, उजेड मिळतो. ढाळज नसते.

कपीची ढाळज कशी असावी? पहिली गोष्ट, खिडकी उंचावर हवी, माणसाच्या डोक्याच्या वर, आणि तिला आतून बसायला रुंद कट्टा हवा. चिंपांझी आणि ओरांगउटान खाली बसून वर पाहणारे प्राणी नाहीत. कट्ट्यापर्यंत जायला दोर, फळ्या, लाकडी ओंडके, आणि दोन वाटा, म्हणजे टोळीतला दांडगा नर एक वाट अडवून बसला तर दुसऱ्याला उतरता येईल. तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला. पश्चिमेकडे भिंत भरीव आणि दुहेरी. वर खोल छज्जा. आपल्या हवेत काच थोडी आणि जाळी जास्त असावी. बोटं जातील पण हात जाणार नाही अशी जाळी, आणि तिच्यावर हिवाळ्यात ओढायला सरकतं तावदान. कड्या-कोयंडे बाहेरून, हाताला न लागणारे. ओमाहाच्या प्राणिसंग्रहालयात 1968 मध्ये फू मांचू नावाचा ओरांगउटान तारेच्या तुकड्यानं कुलूपवजा कडी उघडून पुन्हा पुन्हा बाहेर येत असे आणि ती तार तोंडात लपवून ठेवत असे.

फरशी शहाबादी घातली तर धुवायला सोपी आणि गार. पण तिच्यावर झोपवू नये. हे प्राणी रानात रोज संध्याकाळी पानाफांद्यांची नवी गादी करतात. कडबा, वाळलेलं गवत, गोणपाट दिलं की बंद खोलीतही करतात. ओरांगउटानला गोणपाट डोक्यावर घेऊन बसायला आवडतं. नको तेव्हा जग झाकून टाकायची ती त्याची स्वतःची सोय.

आणि समोर काय दिसावं? इथं आपण चटकन बाग म्हणतो. झाडं हवीतच, शक्यतो पाखरं येतील अशी वड, पिंपळ, उंबर. पण बटलरच्या माकडांनी काय निवडलं ते आठवा. चालती आगगाडी, आणि सगळ्यांत आधी आपल्या जातीचं दुसरं कुणी. म्हणून एक खिडकी शेजारच्या खोलीत उघडणारी हवी, सोबत्याला पाहता येईल अशी. एक खाणं तयार होतं त्या ओट्याकडे, जिथं सकाळी केळी सोलली जातात, दूध तापतं आणि ज्याची चाहूल प्राणी आधीच ओळखतात तो त्यांना सांभाळणारा माणूस ये-जा करतो. तिसरी लांबवर, रस्ता किंवा माळ दिसेल अशी. इमारतीच्या सुशोभीकरणात हा ओटा आणि ही ये-जा नेहमी झाडाआड लपवतात. आतल्या प्राण्यासाठी तोच दिवसातला सगळ्यांत बघण्याजोगा भाग असतो.

पाण्याचे खंदक मात्र आपल्याकडे नकोत. चिंपांझी-गोरिलांना पोहता येत नाही आणि खंदकात बुडून त्यांचे जीव गेल्याच्या घटना जगात घडल्या आहेत. शिवाय ज्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, त्या मुलखात सीमा म्हणून पाणी साठवून ठेवणं कुठल्याच हिशेबात बसत नाही.

या सगळ्याचा मराठवाड्याशी आजचा संबंध काय, असं कुणी विचारील. इथं गोरिला येणार नाही, हे मलाही दिसतं. पण छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातलं प्राणिसंग्रहालय हे आपल्या विभागातलं मुख्य प्राणिसंग्रहालय, आणि जागा अपुरी असल्याचा केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाचा आक्षेप त्याच्यावर वर्षानुवर्षं आहे. तिथले शक्ती आणि करिश्मा हे वाघ फेब्रुवारी 2020 मध्ये मुंबईच्या राणीच्या बागेत गेले आणि मोठ्या काचेपलीकडे मुंबईकरांना दिसू लागले. संभाजीनगरच्या प्राण्यांसाठी मिटमिट्याला सुमारे 100 एकरांवर नवं उद्यान आखलं गेलं. नागपूरच्या गोरेवाड्यात 26 जानेवारी 2021 ला भारतीय सफारी सुरू झाली. वाघ, अस्वल, बिबट्या, वानर यांच्याही मागच्या खोल्या असतात. बिबट्या गुहेच्या तोंडाशी बसून खालचं शिवार न्याहाळतो, अस्वल वास आला की उभं राहून पाहतं. कपींच्या निमित्तानं जगानं जे शिकून घेतलं, ते या सगळ्यांना लागू आहे.

आपल्या लोकांत याविषयी आस्था नाही असं मी म्हणणार नाही. 1982 पर्यंत लातूर ज्या उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होतं, त्या आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावच्या कागदोपत्री 32 एकर जमीन गावच्या माकडांच्या नावावर आहे. पूर्वी तिथं लग्नात पहिला मान माकडांना दिला जाई. वानराला जमिनीचा मालक करणारा हा मुलूख आहे. त्याला खिडकीचं महत्त्व पटवून द्यायला फार बोलावं लागू नये.

बोलायचं ते वेळेवर बोलावं लागेल. नव्या प्राणिसंग्रहालयाचं रंगीत चित्र महापालिका फलकावर लावते, त्यात वाघ हिरवळीवर बसलेला असतो आणि मुलं काचेला नाक लावून उभी असतात. पत्रकारांनी, नगरसेवकांनी, शाळेच्या मास्तरांनी त्या चित्रामागचा नाइट हाउसचा नकाशा मागावा. खोलीची लांबी-रुंदी त्यावर लिहिलेली असते. खिडकी आहे का, असली तर कुठल्या दिशेला, किती उंचीवर, बसायला कट्टा आहे का, आणि कट्ट्यावर बसल्यावर समोर भिंत येते की झाड, हे विचारावं. प्राण्याच्या अंगात बळ असतं म्हणून या भिंती सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात. एकदा त्या ओतल्या आणि आत प्राणी आला की नंतर भोक पाडायला ना ठेकेदार तयार होतो ना अधिकारी. भिंती ओतण्याआधी चौकट बसवायला गवंड्याला अर्धा दिवस लागतो.